नामाला चुंबकाचे प्रमाण



कीर्तनात प्रमाण देण्याची आपली रीत तुम्हाला सांगायला नको. बुवा एक विधान करतात आणि ते आपल्या पदरचे नाही हे दाखवण्यासाठी लगेच संतवचन देतात. मागचे टाळकरी ते उचलून धरतात, मृदंग बोलतो, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी परंपरा उभी आहे हे श्रोत्याला कळते. प्रमाण चुकले तर एखादा म्हातारा टाळकरी तिथल्या तिथे नजरेनेच जाब विचारतो. ही आपली शिस्त आहे.

अलीकडे या जागेवर एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे. ‘हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे, नामजप करणाऱ्याच्या मेंदूचा फोटो काढला तेव्हा हा एवढा भाग पेटलेला दिसला!’ सप्ताहाच्या मंडपात हे ऐकू येते, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितीत दिसते, शिबिरांच्या फ्लेक्सवर तर लाल-पिवळ्या ठिपक्यांचा मेंदू आणि शेजारी पांडुरंग असे जोडचित्रच असते. श्रोते टाळ्या वाजवतात. या प्रमाणाला मात्र जाब विचारणारा टाळकरी कोणी नाही. ते चित्र म्हणजे काय, हे मंडपात कोणालाच ठाऊक नसते, आणि बहुधा सांगणाऱ्यालाही नसते.

माझे म्हणणे सरळ आहे. हे प्रमाण आपण कीर्तनाच्या गादीवरून खाली उतरवावे. ज्या विज्ञानाचे नाव यात घेतले जाते ते फार कसोशीचे आहे. त्याने जे सांगितलेच नाही ते त्याच्या तोंडी घालणे हा त्याचा अपमान, आणि नामाचाही.

आधी ते चित्र कशाचे असते ते पाहू. विषय कठीण वाटेल, पण पाटाच्या पाण्यावर शेती केलेल्या माणसाला तो पटकन समजेल.

इटलीत तुरीन शहरी आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. कवटीचे हाड गेलेल्या माणसाच्या डोक्यावर, त्या जागी, मेंदू नाडीसारखा उडताना बाहेरून जाणवतो. मोस्सो त्या स्पंदनांची नोंद घेत. बेर्तिनो नावाचा एक शेतकरी त्यांच्याकडे होता. चर्चची घंटा वाजली आणि त्याच्या मेंदूची स्पंदने वाढली. घंटेने प्रार्थनेची आठवण झाली का, असे मोस्सोंनी विचारले. तो हो म्हणाला. इथेच आपला शिबिरवाला उडी मारेल, की पाहा, प्रार्थनेने मेंदूत रक्त वाढते! पण मोस्सोंनी माणसांना मनातल्या मनात गुणाकारही करायला लावले होते, आणि तेव्हाही रक्त वाढले होते. देवाची आठवण आणि पाढे, रक्ताला दोन्ही सारखेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९३६ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी रक्ताचा एक गुण दाखवून दिला. आपल्या तांबड्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. प्राणवायू भरलेले हिमोग्लोबिन चुंबकाच्या बाबतीत जवळजवळ उदासीन असते, आणि प्राणवायू देऊन रिकामे झालेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित ढवळाढवळ करते. या गुणाचा मेंदूसाठी उपयोग व्हायला अर्धे शतक जावे लागले. १९९० साली बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की एमआरआयच्या बलवान चुंबकात ही ढवळाढवळ चित्रात टिपता येते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेगवेगळ्या चमूंनी माणसाच्या मेंदूची अशी चित्रे प्रसिद्ध केली. डोळ्यांसमोर प्रकाश लुकलुकवला, की मेंदूच्या मागच्या, पाहण्याच्या भागातला संकेत वाढे. सुई नाही, औषध नाही, फक्त रक्ताचा स्वतःचा गुण. यालाच आज एफएमआरआय म्हणतात.

आता पाटाची गोष्ट. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ताजे रक्त येते. पण किती? १९८६ साली सेंट लुईस येथे पीटर फॉक्स आणि मार्कस रेकल यांनी, दुसऱ्या एका तंत्राने, माणसांच्या बोटांना कंपने देऊन मोजले. त्या भागात रक्ताचा ओघ सुमारे २९ टक्के वाढला, आणि प्राणवायूचा वापर वाढला जेमतेम ५ टक्के. म्हणजे पाटकऱ्याने दार उघडले ते पिकाच्या तहानेपेक्षा कितीतरी जास्त. पीक थोडेच प्याले, उरलेले प्राणवायूने भरलेले रक्त तसेच पुढे वाहून गेले. रिकाम्या हिमोग्लोबिनचे प्रमाण त्यामुळे घटते, चुंबकातली ढवळाढवळ कमी होते, आणि संकेत वाढतो. एफएमआरआय मोजते ते हे. पिकाची वाढ ते पाहत नाही, पीक कोणते हेही पाहत नाही. सरीतून जास्तीचे पाणी वाहिले एवढेच त्याला कळते.

तेही किती? नेहमीच्या यंत्रात हा फरक शंभरात एक-दोन, फार तर चार-पाच एवढा असतो. आणि तो उशिरा येतो. मेंदूने काम केल्यावर रक्ताचा संकेत शिखरावर पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात आपल्या टाळाचे कितीतरी ठोके पडून जातात. चित्राचा एक ठिपका म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा चौकोनी तुकडा, आणि त्या एका तुकड्यात लाखो चेतापेशी. दिंडीतल्या एकेका वारकऱ्याचा चेहरा न दिसता, वाखरीच्या माळावर आकाशातून नुसती धूळ दिसावी, तसे हे आहे. धूळ खरी आहे, माणसे चालली आहेत हेही खरे. पण त्यातला कोण भक्तीने चालला आणि कोण पाकीट मारायला, हे धुळीला विचारून कळायचे नाही.

आणि तो लाल रंग? मेंदूत काही पेटत नाही, लाल होत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण शरीराच्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो घेतो, तुम्ही जप करा की घोरत पडा. एका अवस्थेतून दुसरी वजा करायची, उरलेला बारीक फरक निव्वळ योगायोगाचा आहे की नाही हे गणिताने ठरवायचे, आणि जिथे गणित ‘योगायोग वाटत नाही’ म्हणते तिथे संगणकाने रंग भरायचा. ते छायाचित्र नसून गणिताचा रंगवलेला निकाल आहे.

या गणितात किती घसरायला होते याची एक गोष्ट शास्त्रज्ञांनीच जगाला सांगितली. माळकऱ्यांनी क्षमा करावी, गोष्ट माशाची आहे, तीही मेलेल्या. २००९ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची चित्रे दाखवली, आणि या माणसांच्या मनात कोणती भावना आहे असे त्याला रीतसर विचारले. हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना जी काटेकोर दुरुस्ती करायची असते ती मुद्दाम केली नाही. मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! दुरुस्ती केल्यावर ती नाहीशी झाली. या कामाला २०१२ साली इग नोबेल हा विनोदी पुरस्कार मिळाला, पण त्यातला इशारा विनोदी नव्हता. २०१६ मध्ये स्वीडन आणि इंग्लंडच्या संशोधकांनी दाखवले, की नेहमीच्या वापरातल्या काही गणिती पद्धती, विशिष्ट परिस्थितीत, शंभरात पाच खोटे निकाल देण्याऐवजी सत्तरपर्यंत देऊ शकतात. आपल्याच शेतातले तण आपणच उपटून चव्हाट्यावर दाखवणारी ही माणसे. आपल्या मंचावर त्यांचे नाव घेऊन तणच पीक म्हणून विकले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता मूळ प्रश्न प्रमाणाचा. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या प्रमाणांची नावे आपण प्रवचनात ऐकतो. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान. ते चालते, कारण धूर अग्नीशिवाय होत नाही. मेंदूच्या चित्रावरून मन ओळखताना ही अटच मोडते. इन्सुला नावाचा मेंदूचा एक भाग आहे. प्रेमाच्या विचाराने तिथला संकेत वाढतो, वेदनेने वाढतो, किळस आली तरी वाढतो. २०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तपत्रात एका लेखकाने याच भागाच्या आधारे छापले, की लोकांचे आपल्या फोनवर खरोखरीचे प्रेम असते. मेंदूशास्त्रज्ञांनी लगेच जाहीर उत्तर दिले, की मेंदूच्या चित्रणाच्या जवळपास एकतृतीयांश अभ्यासांत हा भाग चमकतो, त्यावरून प्रेम ओळखता येत नाही. धूर सगळीकडून निघत असेल तर त्यावरून अग्नी कसा ठरवणार? तरीही आपले लोक हे अनुमान प्रत्यक्ष म्हणून खपवतात. ‘फोटो काढला’ या दोन शब्दांत सारी फसवणूक आहे.

ओंकाराच्या एका अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. तो खरा आहे, आपल्या देशातला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. बारा माणसे होती. मोठ्याने ओंकार म्हणणे, आणि तुलनेसाठी नुसता ‘स्स्स’ असा आवाज काढणे. निकाल काय आला? ओंकाराच्या वेळी भावनांशी संबंधित काही भागांतला संकेत विश्रांतीपेक्षा कमी झाला. काहीही पेटले नाही, उजळले नाही. संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक अभ्यास म्हटले. मंडपात पोहोचेपर्यंत बारांचे हजारो होतात, ओंकाराचे विठ्ठलनाम होते, आणि कमी झाल्याचे उजळले होते! एखाद्या संतवचनात असा फेरफार कोणी केला असता तर आपण त्याला गादीवर बसू दिले असते का?

दुसरा अभ्यास कॅनडातल्या माँट्रियलचा, २००६ सालचा. मारिओ बोरगार आणि व्हँसाँ पाकेत यांनी कार्मेल पंथाच्या पंधरा ख्रिस्ती साध्वींना यंत्रात घेतले. यंत्रात असताना देवाशी एकरूप व्हा, असे त्यांना सांगता येईना. साध्वींनी आधीच कळवले होते, की ईश्वर हवा तेव्हा बोलावून आणता येत नाही. मग त्यांना आयुष्यातला सर्वांत उत्कट ईश्वरानुभव डोळे मिटून आठवायला सांगितले गेले, आणि चित्रे आली ती त्या आठवणीची. मेंदूच्या अनेक भागांत बदल दिसले, ‘देवाची जागा’ म्हणून एकही ठिपका सापडला नाही. मला त्या पंधराजणींपुढे हात जोडावेसे वाटतात. शेकडो कोसांवरच्या, दुसऱ्या धर्माच्या त्या बायांना जे समजले ते आपल्या शिबिरवाल्यांना समजू नये? ते सात दिवसांत अनुभव देण्याची हमी देतात.

एक प्रसंग आपल्या घरचा. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या अंगणात संतमंडळी जमली आणि मुक्ताईने विचारले, यातली मडकी कच्ची किती, पक्की किती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत गेले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवराय मात्र रागावले, आणि कच्चे ठरले. डोकी तपासण्याची पहिली परीक्षा आपल्याकडे झाली म्हणा ना! पण काकांनी काय तपासले? डोक्यात काय वाहते ते नाही. थापटणे बसल्यावर माणूस कसा वागतो ते पाहिले. आणि कच्चे ठरलेले नामदेवराय पुढे विसोबा खेचरांकडे गेले, ही त्या परीक्षेची फलश्रुती. यंत्राच्या परीक्षेत लाल ठिपका मिळालेला माणूस कुठे जातो? घरी जाऊन ते चित्र भिंतीला लावतो.

शिवाय यंत्रात जे शिरते ते आपले नाम असते तरी का? अरुंद बोगद्यात उताणे पडायचे. डोके दोन-चार मिलिमीटर हलले तरी चित्र बिघडते. आत पत्रा बडवल्यासारखा कर्णकर्कश आवाज, म्हणून कानांत बोळे. धातूचे टाळ बाहेर ठेवायचे, तारांची वीणा बाहेर, शेजारी कोणी नाही. आता आपले नाम आठवा. पायी चालत, चिखल तुडवत, पुढच्याच्या पाठीला पाठ आणि टाळाला टाळ लागून, पावली खेळत, घसा बसेपर्यंत. उजेडाचे किरण डोक्यावर सोडून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या टोप्या निघाल्या आहेत, त्या घालून चालताही येते हे खरे. पण त्यांना मेंदूचा वरचा थरच दिसतो, आणि अनुमानाची अडचण तिथेही तीच.

त्याहून मोठी गोम पुढे आहे. एखादे काम अंगवळणी पडले की त्या कामासाठी मेंदूतला संकेत अनेकदा कमी होत जातो. अमेरिकेत २००७ साली ध्यानाचा प्रदीर्घ अभ्यास असलेल्या साधकांची तपासणी झाली. सरासरी १९ हजार तास ध्यान केलेल्यांच्या लक्ष एकाग्र करण्याच्या भागांत नवख्यांपेक्षा जास्त संकेत होता, आणि सरासरी ४४ हजार तास केलेल्यांच्यात तो उलट कमी होता. आता सांगा, प्रमाण कोणते? लाल की फिका? चाळीस वर्षे वारी केलेली, भाकरी थापताना जिच्या ओठांवर नाम आपोआप फिरते ती आजी यंत्रात फिकी दिसली, तर तिचे नाम उणे म्हणायचे? यंत्राला साक्षीला बोलावणाऱ्याने त्याची उलटी साक्षही मान्य करायची तयारी ठेवावी. ती तयारी मला कुठे दिसत नाही.

यावर काही मंडळी कळकळीने सांगतात, की पोरे शिकली आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले नाही तर ती फडावर येणार नाहीत. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण शिकलेल्या पोराच्या हातात मोबाइल आहे. बारा माणसे आणि घटलेला संकेत त्याला पाच मिनिटांत सापडतो. त्या दिवशी तो यंत्रावर रागावणार नाही, बुवांवर रागावेल, आणि बुवांच्या मुखातल्या प्रत्येक शब्दाकडे संशयाने पाहील. त्याला वारीत न्या, दोन मुक्काम पाण्याची कळशी उचलू द्या. मेंदूशास्त्र शिकायचे असेल तर ते त्याने जरूर शिकावे, पण ते मेंदू समजण्यासाठी. मेंदूतली गाठ काढण्याआधी बोलण्याचा, हात हलवण्याचा भाग कुठे आहे हे याच एफएमआरआयने पाहून शल्यविशारद आपली सुरी जपून चालवतात. ही सेवाच आहे, आणि ती कीर्तनातही सांगण्यासारखी आहे.

मी एवढा चिडून का लिहितो, ते सांगतो. रक्तदाबाची, फिटची गोळी रोज घेणारी माणसे आपल्या दिंडीत असतात. ‘जपाने मेंदूत बदल होतो हे सिद्ध झाले’ हे वाक्य त्यांच्या कानी पडते आणि गोळी सुटते. फिटची गोळी अचानक बंद केली तर पुन्हा झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. व्यासपीठावरच्या कोणाला त्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही. सिद्ध झालेल्या नामाला शुल्कही लागू झाले आहे. संतांनी जे चोखोबांच्या आणि जनाईच्या हाती फुकट दिले, त्याची पावती फाडली जाते.

यंत्राला मनाचा साक्षीदार मानले की गोष्ट मंडपात थांबतही नाही. पुण्यातल्या सत्र न्यायालयात २००८ साली एका खून खटल्यात मेंदूच्या चाचणीचा निकाल पुराव्यात धरला गेला आणि जन्मठेप झाली. ती चाचणी रक्तावर नव्हे, मेंदूतल्या विजेच्या लहरींवर होती, पण दावा तोच, की आतले आम्हाला दिसते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीवाचून करता येणार नाहीत असे ठरवले. जे न्यायालयाला सावधपणे हाताळावे लागले ते आपण टाळ्यांच्या गजरात गिळतो.

इतक्याउपर कोणाला कीर्तनात एफएमआरआय सांगायचेच असेल, तर डेन्मार्कमधल्या ऊफे श्योट आणि सहकाऱ्यांचा २०११ सालचा प्रयोग सांगावा. यंत्रात झोपलेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांना प्रार्थनेच्या ध्वनिफिती ऐकवल्या. काही प्रार्थना म्हणणारा ख्रिस्ती नाही, काही म्हणणारा साधा ख्रिस्ती आहे, आणि काही म्हणणाऱ्याच्या अंगी रोग बरे करण्याची शक्ती आहे, असे सांगितले. प्रत्यक्षात सगळे आवाज साध्या ख्रिस्ती माणसांचेच होते. ज्याच्या अंगी शक्ती आहे असे सांगितले, त्याचा आवाज ऐकताना या भाविकांच्या मेंदूच्या पुढच्या भागांतला, पारख आणि निर्णय यांच्याशी जोडल्या जाणाऱ्या भागांतला, संकेत खाली गेला. श्रद्धा नसलेल्यांच्यात असा फरक दिसला नाही. संशोधकांनी याचा अर्थ सावधपणे असा लावला, की अधिकारी मानलेल्या माणसापुढे भाविक आपली पारख बाजूला ठेवतो. अनुमानाची मर्यादा या प्रयोगालाही लागू आहे, माणसे थोडी आहेत हेही आहे. तरी शिबिराच्या फ्लेक्सवर पांडुरंगाशेजारी छापायला हे चित्र काही वाईट नाही. मी ते अजून कुठे छापलेले पाहिले नाही.